‘मी तुमच्या जागी असतो तर’ : इंग्रजी सल्ल्यातील सर्वनामांचा विचार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत असा आग्रह धरला आणि विषयही आमचा आम्हीच निवडावा अशी मोकळीक दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही मॅट्रिकच्या शिदोरीवर शिक्षकी पेशात शिरलो व तीत जन्म घालविला. आमच्या नावापुढे मोठी पदवी नाही. तेव्हा राजकारण वा अर्थकारण यांसारख्या विषयांस हात घालण्यापेक्षा ज्या मातीत आम्ही राबलो तिच्यातीलच एखादे ढेकूळ फोडून दाखवावे हे बरे, असे आम्हांस वाटले. विषय लहान आहे. इंग्रजीत कोणास सल्ला देताना आपण जे ‘इफ आय वेअर यू’ असे वाक्य योजतो, त्यात पुढे कोणते सर्वनाम घालावे, एवढाच तो प्रश्न.

कोणी म्हणेल, ज्ञातीच्या संमेलनात हे व्याकरण कशासाठी? त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न आता केवळ परीक्षेचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांची मुले इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झाली. तेथे जन्मलेल्या नातवंडांस मराठी बोललेले थोडेफार समजते, पण वाचता येत नाही. अशा वेळी आजोबा, काका, मामा इंग्रजीत पत्र लिहितात, हल्ली दूरध्वनीवरून संदेश पाठवितात. आणि वडीलधाऱ्यांच्या पत्रात सल्ल्यावाचून दुसरे असते काय? नोकरी धरावी की सोडावी, घर घ्यावे की भाड्याने राहावे, स्थळ पाहावे की थांबावे, सारे सल्लेच! ज्या भाषेत सल्ला द्यावयाचा त्या भाषेत ‘मी’ कोण आणि ‘तू’ कोण याचा घोटाळा झाला, तर सल्ल्याचे विष होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम वाक्याचा पूर्वार्ध पाहू. ‘इफ आय वेअर यू.’ शब्दशः अर्थ, ‘मी जर तू असतो तर’. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले की एखादा चलाख विद्यार्थी हात वर करून विचारतोच, ‘‘सर, ‘आय’ नंतर ‘वॉज’ येते ना? मग येथे अनेकवचनी ‘वेअर’ कसे?’’ हे ‘वेअर’ अनेकवचनी नव्हेच. जुन्या इंग्रजीत संकेतार्थाचे वेगळे रूप असे आणि ते एकवचनात तिन्ही पुरुषांस एकच असे. ती जवळजवळ सारी रूपे काळाच्या ओघात गळून गेली. जी थोडी टिकली त्यांतील हे एक. आपल्याकडे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे चार अर्थ शाळेत शिकवितात. त्यांतील संकेतार्थाचेच काम हे ‘वेअर’ करते. जे घडलेले नाही व घडणेही शक्य नाही, ते क्षणभर घडले असे धरून चालावयाचे, ही त्याची खूण. बोलताना पुष्कळ इंग्रज ‘इफ आय वॉज यू’ असेही म्हणतात, हे खरे. परंतु लिहिताना ‘वेअर’ लिहावे हेच शिष्टसंमत. अर्ज, पत्र व परीक्षा यांत ‘वॉज’ लिहू नये.

आता उत्तरार्ध. येथेच खरी मेख आहे. आपण म्हणतो, ‘मी तुझ्या जागी असतो तर’. ‘मी तू असतो तर’ असे मराठी माणूस सहसा म्हणत नाही. वरवर पाहता हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो फार खोल आहे. मराठीत मनुष्य ‘मी’च राहतो, केवळ जागा बदलतो. याचा पुरावा आपल्या क्रियापदातच आहे. आई मुलास सल्ला देते तेव्हा ती म्हणते, ‘‘मी तुझ्या जागी असते, तर ही नोकरी सोडली नसती, मुकाट्याने कामावर गेले असते.’’ ती मुलाच्या जागी गेली, पण ‘असतो’, ‘गेलो असतो’ असे म्हणाली नाही. तिचे स्त्रीत्व तिच्याबरोबरच राहिले. इंग्रजी क्रियापदास लिंग नाही. त्यामुळे तेथे बोलणारा जागा बदलतो की सबंध माणूसच बदलतो, हे क्रियापद सांगत नाही. शब्द मात्र स्पष्ट सांगतात की, ‘मी’ हा ‘तू’ झाला. आणि एकदा ‘मी’ हा ‘तू’ झाला की पुढे येणारा ‘माझा’ हा कोणाचा, असा प्रश्न उभा राहतो.

एक साधे उदाहरण घेऊ. मित्राच्या वडिलांची प्रकृती बरी नाही. आपण त्यास लिहितो, ‘इफ आय वेअर यू, आय वुड टेक माय फादर टु द हॉस्पिटल.’ येथे ‘माय फादर’ म्हणजे कोणाचे वडील? इंग्रजी वाचकास यात अडचण येत नाही. ‘मी’ आता ‘तू’ झालेला आहे, तेव्हा ‘माय फादर’ म्हणजे तुझेच वडील, असे तो सहज समजतो. आपल्या विद्यार्थ्यास मात्र हे पटत नाही. तो म्हणतो, वडील मित्राचे असताना ‘माय’ कसे लिहू? म्हणून तो ‘यूअर फादर’ लिहितो. हे सर्वस्वी अशुद्ध असे म्हणता येणार नाही. बोलण्यात असे ‘यूअर’ अनेकदा ऐकू येते. परंतु त्यात एक धोका आहे. ‘आय वुड टेक यूअर फादर’ याचा अर्थ ‘मीच तुझ्या वडिलांस घेऊन जाईन’ असाही वाचकाच्या मनात डोकावून जातो.

ही झाली स्वामित्वदर्शक रूपांची गोष्ट. तेथे दोन्ही वाटा थोड्याफार मोकळ्या आहेत. आत्मवाचक सर्वनामाच्या बाबतीत मात्र वाट एकच. ‘स्वतःची काळजी घे’ असे सांगावयाचे असेल, तर ‘इफ आय वेअर यू, आय वुड टेक केअर ऑफ माइसेल्फ’ असेच लिहिले पाहिजे. ‘आय वुड टेक केअर ऑफ यूअरसेल्फ’ हे वाक्य इंग्रजीत उभेच राहत नाही. कारण आत्मवाचक सर्वनाम आपल्याच वाक्यातील कर्त्याचा हात धरून चालते. कर्ता ‘आय’, तर त्याचा सोबती ‘माइसेल्फ’.

मग ‘मी’ हे कर्मरूप आले तर? इंग्रजीत ‘मला’ या अर्थी जे ‘मी’ आहे ते आम्ही म्हणत आहो. समजा, एखादा कर्जबाजारी गृहस्थ विनोदाने म्हणतो, ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट ट्रस्ट मी.’ म्हणजे, मी तुझ्या जागी असतो तर माझ्यावर, या समोर उभ्या असलेल्या माझ्यावर, विश्वास ठेवला नसता. येथे ‘आय’ म्हणजे समोरचा आणि ‘मी’ म्हणजे बोलणारा स्वतः. एकाच वाक्यात एकाच पुरुषाची दोन रूपे आणि ती दोन निरनिराळ्या माणसांची! याच वाक्यात ‘मी’ ऐवजी ‘माइसेल्फ’ घातले, की अर्थ होतो, ‘तू स्वतःवर विश्वास ठेवू नकोस.’ एका शब्दाने सल्ल्याची दिशाच फिरली.

या गोष्टीने मोठमोठ्या पंडितांसही विचारात पाडले आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जेम्स मॅकॉले व जॉर्ज लॅकॉफ या भाषाशास्त्रज्ञांनी अशाच प्रकारच्या एका स्वप्नाच्या वाक्याची चर्चा केली. त्यांचे वाक्य एका सिनेनटीविषयी असल्यामुळे या व्यासपीठावर ते सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपण शाळेतले घेऊ. एक विद्यार्थी म्हणतो, ‘मला स्वप्न पडले की मी हेडमास्तर झालो.’ पुढे तो ‘अँड आय पनिश्ड मी’ म्हणाला, तर त्या हेडमास्तरने या बिचाऱ्या विद्यार्थ्यास छडी मारली. ‘अँड आय पनिश्ड माइसेल्फ’ म्हणाला, तर हेडमास्तरने स्वतःसच मारून घेतले! दुसऱ्याच्या अंगात शिरलेला ‘मी’ आणि आपल्या जागी मागे राहिलेला ‘मी’ हे दोघे इंग्रजी भाषा अशा रीतीने वेगळे ओळखते.

आपल्या पूर्वजांनीही पुरुषांच्या या अदलाबदलीकडे डोळेझाक केलेली नव्हती. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, थट्टेच्या प्रसंगी क्रियापदाचे पुरुष कसे बदलतात याविषयी एक स्वतंत्र सूत्र आहे. टीकाकार उदाहरण देतात ते असे : एक मनुष्य भाताच्या आशेने येतो आणि दुसरा त्याची थट्टा करतो की, ‘‘ये बाबा, ‘मी भात खाईन’ असे तुला वाटते, पण तो तर पाहुण्यांनीच संपविला.’’ संस्कृतात या ठिकाणी ‘खाईन’ हे क्रियापद ‘तू’च्या पुरुषात जाते आणि ‘वाटते’ हे ‘मी’च्या पुरुषात येते. म्हणजे दुसऱ्याच्या मनातील विचार आपल्या तोंडून बोलू लागलो की ‘मी’ आणि ‘तू’ आपापली आसने बदलतात. ज्या भाषेच्या व्याकरणकारांनी एवढी बारीक नोंद केली, तिच्या वारसांनी इंग्रजीतील या नोंदीस कंटाळू नये, इतकेच आमचे म्हणणे.

आता मराठीचा एक विशेष सांगितला पाहिजे, कारण आपल्या लोकांची इंग्रजीतील चूक बहुधा तेथूनच उगम पावते. तो विशेष म्हणजे ‘आपण’ व ‘आपला’ ही सर्वनामे. ‘आपण जाऊ’ यात तुम्ही आणि आम्ही मिळून. ‘आपण बसावे’ यात आदरार्थी तुम्ही. ‘तो आपल्या घरी गेला’ यात स्वतःच्या. आणि ‘आपण नाही बुवा त्या भानगडीत पडत’ यात चक्क मी! असे हे सर्वांच्या घरी जेवणारे सर्वनाम आहे. सल्ला देताना ते आपल्या फार उपयोगी पडते. ‘मी तुझ्या जागी असतो, तर आपल्या वडिलांस विचारल्याशिवाय पाऊल उचलले नसते’ या वाक्यात ‘आपल्या’ने ‘माझ्या’ की ‘तुझ्या’ हा तंटाच मिटवून टाकला. इंग्रजीत असा मध्यस्थ नाही. तेथे ‘माय’ किंवा ‘यूअर’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि निवड करताना घाई झाली की अनर्थ.

असा एक अनर्थ आमच्या पाहण्यात आला. आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांचा पुतण्या इंग्लंडमध्ये वाढला. गावाकडील वडिलोपार्जित घरात काकांचा व पुतण्याचा समान हिस्सा. बाहेरचा एक गिऱ्हाईक पुतण्यास पैशाची लालूच दाखवू लागला, तेव्हा पुतण्याने काकांस सल्ला विचारला. काकांच्या मनात मराठी वाक्य होते : ‘मी तुझ्या जागी असतो, तर आपला हिस्सा आपल्याजवळच ठेवला असता.’ किती निर्मळ सल्ला! हे वाक्य त्यांनी इंग्रजीत उतरविले ते असे : ‘इफ आय वेअर यू, आय वुड कीप यूअर शेअर विथ मी.’ पहिल्या ‘आपला’चे ‘यूअर’ झाले आणि दुसऱ्या ‘आपल्या’चे ‘मी’ झाले. पुतण्याने वाचले, ‘तुझा हिस्सा मी माझ्याजवळ ठेवून घेतला असता.’ काकांचा डोळा आपल्या हिश्शावर आहे, असा त्याचा ग्रह झाला आणि पत्रव्यवहार थांबला. काकांस कारण कळेना. काही महिन्यांनी त्यांनी त्या पत्राची नक्कल आम्हांस दाखविली, तेव्हा दोष त्यांच्या मनात नसून दोन सर्वनामांत आहे, हे उघड झाले. मग त्यांनी पुतण्यास सरळ मराठीत, दूरध्वनीवर, आपला भाव सांगितला. घर आजही दोघांचे आहे. पण ते महिने काकांनी कसे काढले ते आम्ही जवळून पाहिले आहे.

ते वाक्य कसे लिहावयास हवे होते? ‘आय वुड कीप माय शेअर’ हे व्याकरणास धरून झाले असते. परंतु त्याच घरात काकांचाही हिस्सा होता, तेव्हा ‘माय शेअर’ कोणाचा, ही शंका उरलीच असती. त्याहून चांगले, ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट सेल.’ मी विकले नसते, एवढेच. ना ‘माय’, ना ‘यूअर’. आणि सर्वांत निर्धोक, ‘आय थिंक यू शुड कीप यूअर शेअर.’ यात ‘मी’ मी राहिला, ‘तू’ तू राहिला आणि हिस्सा ज्याचा त्याचा राहिला.

आणखी एका शब्दाविषयी सावध केले पाहिजे. जुन्या धाटणीच्या इंग्रजी पुस्तकांत व पत्रांत ‘आय शुड वेट, इफ आय वेअर यू’ असे वाक्य भेटते. आपला विद्यार्थी ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ एवढेच शिकलेला असतो. तो अर्थ लावतो, ‘मी थांबले पाहिजे.’ वस्तुतः येथील ‘शुड’ कर्तव्याचे नाही. प्रथमपुरुषी कर्त्यापुढे ‘वुड’ ऐवजी ‘शुड’ योजण्याची ब्रिटिशांची जुनी रीत होती, तीच ही. अर्थ, ‘मी थांबलो असतो’, म्हणजेच ‘तू थांब’. कित्येकदा तर ‘इफ आय वेअर यू’ हा तुकडा मनातच ठेवून इंग्रज नुसते ‘आय शुड वेट’ म्हणतो. शब्द ‘मी’चा, सल्ला मात्र तुम्हांस!

तसेच हेही ध्यानात असावे की, हा वाक्प्रयोग नेहमी सौम्यच असतो असे नाही. ‘आय वुडन्ट डू दॅट इफ आय वेअर यू’ हे मित्राने म्हटले तर सावधगिरीची सूचना असते. पण आवाज जरा खाली आणून, डोळे रोखून म्हटले तर ती धमकी होते. वडील माणसांस वा वरिष्ठांस लिहिताना हा प्रयोग शक्यतो टाळावा. मराठीत आपण वडिलांस ‘तुम्ही असे करा’ न म्हणता ‘आपण असे करावे’ म्हणतो. विध्यर्थात आदर आपोआप येतो. इंग्रजीत ते काम ‘यू माइट’ किंवा ‘पर्हॅप्स यू कुड’ यांसारख्या शब्दांकडून करून घ्यावे.

विद्यार्थिमित्रांच्या सोयीसाठी सर्व सार थोडक्यात सांगतो.

१. पूर्वार्धात ‘इफ आय वेअर यू’ म्हटले की उत्तरार्धाचा कर्ता ‘आय’च ठेवावा. ‘इफ आय वेअर यू, यू शुड गो’ असे मध्येच घोडे बदलू नये.

२. आत्मवाचक रूप ‘माइसेल्फ’च येईल, ‘यूअरसेल्फ’ कदापि नाही.

३. कर्मस्थानी ‘मी’ आले तर तो सल्ला देणारा स्वतः, हे विसरू नये.

४. ‘माय’ की ‘यूअर’ असा संशय पडला तर दोन्ही गाळून ‘द’ किंवा ‘अ’ घालावे. ‘आय वुड सेल द कार’, ‘आय वुड सी अ डॉक्टर’. इंग्रज स्वतः पुष्कळदा हेच करतात.

५. जेथे पैसा, जमीन, लग्न वा आजार यांचा संबंध आहे, तेथे कल्पनेचा हा वेष उतरवून सरळ ‘आय थिंक यू शुड’ असे लिहावे.

तिसऱ्याच माणसाविषयी बोलताना ‘इफ आय वेअर ही’ की ‘इफ आय वेअर हिम’ असे काही जण विचारतात. जुने व्याकरण ‘ही’ सांगते, आजचे बोलणे ‘हिम’ म्हणते. ‘यू’ हे दोन्ही विभक्तींत सारखेच असल्यामुळे आपल्या वाक्यात हा प्रश्नच उद्भवत नाही.

बंधुभगिनींनो, सल्ला देणारा दुसऱ्याच्या जागी जातो हे त्याचे मोठेपण आहे. त्या जागी गेल्याशिवाय दिलेला सल्ला कोरडा असतो. पण दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण वहाणा बाहेर काढतो आणि तेथील वस्तू त्या घरच्याच आहेत हे विसरत नाही. भाषेतही तसेच वागावे. त्याचे वडील त्याचे, त्याचा हिस्सा त्याचा आणि निर्णयही त्याचाच, हे ऐकणाऱ्यास आपल्या शब्दांतून निःसंशय कळले पाहिजे. आपल्या घरातील जो कोणी परदेशी मुलांस इंग्रजीत पत्र लिहील त्याने ते पाठविण्यापूर्वी एकदा प्रत्येक ‘आय’, ‘माय’ आणि ‘मी’वर बोट ठेवून ‘हा कोण?’ असे स्वतःस विचारावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.